करारातलं ‘शॅल’ वाचायचं कसं?

प्रश्न बोरिवलीच्या एका जुन्या सोसायटीच्या सेक्रेटरींचा आहे. इमारत पुनर्विकासाला चालली आहे. बिल्डरच्या वकिलाकडून कराराचा इंग्रजी मसुदा आला आहे आणि त्यात जवळजवळ प्रत्येक वाक्यात ‘शॅल’ आहे. शाळेत ‘आय शॅल, वी शॅल’ हा भविष्यकाळ म्हणून पाठ केलेला. आता कमिटीत एक जण म्हणतो, ‘शॅल’ लिहिलंय म्हणजे बिल्डरला ते करावंच लागणार. दुसरा म्हणतो, कोर्टात ‘शॅल’चा ‘मे’ होतो, त्याच्या भरवशावर राहू नका. सेक्रेटरींनी विचारलंय की या क्रियापदाचा खरा अर्थ काय, ते आलं कुठून आणि करारात ते वाचायचं कसं.

मी फोर्टात कायद्याच्या कागदपत्रांची इंग्रजी-मराठी भाषांतरं करतो. करारनामे, प्रतिज्ञापत्रं, सोसायट्यांचे ठराव हेच रोजचं काम, त्यामुळे हा शब्द रोज हाताखालून जातो. थेट उत्तर आधी देतो. करारातलं आणि कायद्यातलं ‘शॅल’ पुढे काय घडेल ते सांगत नाही. कोण कोणाचं काय देणं लागतो, ते सांगतं. मात्र ते देणं चुकवलं तर वसुली कशी होणार, हे या एका शब्दात नसतं. ते वेगळं लिहावं लागतं, आणि बहुतेक मसुद्यांत नेमकं तेच लिहिलेलं नसतं. म्हणून तुमच्या कमिटीतले दोघेही अर्धे बरोबर आहेत.

‘देणं लागतो’ हे मी नुसतं सोयीसाठी म्हटलेलं नाही. ‘शॅल’चा मूळ अर्थच तो आहे. हजारभर वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत याचं रूप साधारण ‘शेअल’ असं होतं आणि त्याचा सरळ अर्थ होता ‘मी देणं लागतो’. बायबलमध्ये लूकच्या सोळाव्या अध्यायात एक कारभारी मालकाच्या ऋणकोंना एकेक करून बोलावतो आणि विचारतो, ‘माझ्या धन्याचं तू किती देणं लागतोस?’ जुन्या इंग्रजी भाषांतरात हा प्रश्न याच क्रियापदाने विचारला आहे. तिथे दुसरं कुठलंही क्रियापद जोडीला नाही, एकटं ‘शॅल’ कर्जाचा आकडा विचारतं. जर्मन भाषेत याच कुळातला ‘शुल्ड’ हा शब्द आजही कर्ज आणि दोष या दोन्ही अर्थांनी चालतो, आणि ‘झोलन’ हे सख्खं क्रियापद ‘करायला हवं’ या अर्थाने.

कर्जाचा शब्द कर्तव्याचा कसा झाला, हे मराठी माणसाला समजावून सांगायची फारशी गरज नाही. ‘मी त्याचे पाच हजार देणे लागतो’ आणि ‘मला उद्या कोर्टात जावे लागेल’ या दोन्ही वाक्यांत आपण ‘लागणे’च वापरतो. पैशाचं बंधन आणि कामाचं बंधन आपल्याकडेही एकाच क्रियापदात आहे. इंग्रजीत हे आणखी एकदा घडलंय. ‘ऑट’ म्हणजे ‘करायला हवं’, आणि ते ‘ओ’ म्हणजे ‘देणं लागणं’ या क्रियापदाचं जुनं भूतकाळी रूप आहे.

जाता जाता व्याकरणाची एक गोष्ट सांगतो, कारण मुलं ती हमखास विचारतात. ‘ही गोज’ होतं, मग ‘ही शॅल्स’ का होत नाही? ‘शॅल’, ‘कॅन’, ‘मे’ ही सगळी मुळात भूतकाळाच्या घडणीची रूपं आहेत, जी फार पूर्वीच वर्तमानकाळाच्या अर्थाने रूढ झाली. इंग्रजीत भूतकाळी रूपाला तृतीय पुरुषी ‘एस’ लागत नाही, म्हणून यांनाही तो लागला नाही. भूतकाळाची जागा रिकामी झाली, तिथे ‘शॅल’साठी नवं रूप घडवलं गेलं, ते ‘शुड’.

मग शाळेतला भविष्यकाळ आला कुठून? ज्याचं देणं आहे ते दिलं जाणार, या धाग्याने अर्थ पुढे सरकला. चौदाव्या शतकात विक्लिफच्या परंपरेतल्या भाषांतरकारांनी बायबल लॅटिनवरून इंग्रजीत आणलं, तेव्हा लॅटिन भविष्यकाळासाठी त्यांनी सर्रास ‘शॅल’ वापरलं. दुसरीकडे ‘विल’ही भविष्यकाळात शिरत होतं. त्याचा मूळ अर्थ इच्छा, आणि मृत्युपत्राला आपण आजही ‘विल’ म्हणतो ते त्याच अर्थाने. दोन शब्द एकाच जागेसाठी भांडू लागले तेव्हा १६५३ साली जॉन वॉलिस यांनी लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात त्यांची वाटणी करून दिली. हे वॉलिस म्हणजे गणितातलं अनंताचं चिन्ह रूढ करणारे गणिती. त्यांच्या नियमाप्रमाणे ‘मी’ आणि ‘आम्ही’ सोबत ‘शॅल’ आलं की नुसतं भाकीत, ‘विल’ आलं की वचन किंवा धमकी. ‘तू’ किंवा ‘तो’ सोबत नेमकं उलट. तिथे ‘विल’ म्हणजे भाकीत आणि ‘शॅल’ म्हणजे बोलणाऱ्याने दिलेलं वचन किंवा घातलेली सक्ती.

हाच नियम पुढे इंग्रजी शाळापुस्तकांतून आपल्याकडे आला आणि पिढ्यान्‌पिढ्या पाठ केला गेला. आपण त्यातला पहिला अर्धाच लक्षात ठेवला, ‘आय शॅल, वी शॅल’. करारात मात्र ‘मी’ आणि ‘आम्ही’ जवळजवळ येतच नाहीत. तिथे ‘द डेव्हलपर शॅल’, ‘द सोसायटी शॅल’, ‘ईच मेंबर शॅल’ असा सगळा तृतीय पुरुष असतो. म्हणजे शाळेतल्याच नियमाचा विसरलेला अर्धा भाग इथे लागू होतो, आणि तो सक्तीचा आहे.

बोलण्यातल्या वापराबद्दल थोडक्यात. आजच्या बोलीत ‘शॅल’ उरलंय ते मुख्यतः प्रश्नात, आणि तेही ‘मी’ किंवा ‘आपण’ सोबत. ‘शॅल आय ओपन द विंडो?’ म्हणजे ‘खिडकी उघडू का?’ ‘शॅल वी स्टार्ट?’ म्हणजे ‘सुरू करू या का?’ मराठीतलं ‘उघडू का, येऊ का, देऊ का’ हे ‘ऊ’चं रूप इथे तंतोतंत बसतं. समोरच्याची मर्जी विचारायची असेल तिथे ‘विल आय’ म्हणू नका. ते ‘मी उघडेन का?’ असं विचित्र ऐकू येतं. एरवी बोलताना ‘आय विल’ म्हणा, कुठेही अडत नाही. आणि ऑफिसच्या मेलमध्ये सहकाऱ्याला ‘यू शॅल सबमिट द रिपोर्ट बाय फ्रायडे’ असं लिहू नका. आपल्याला ते सभ्य वाटतं, वाचणाऱ्याला ते फर्मान वाटतं.

आता तुमच्या मसुद्याकडे. पुनर्विकासाच्या करारांत नेहमी येणारी वाक्यं घेतो, म्हणजे तुम्हाला तुमच्या मसुद्याशी ताडून पाहता येतील.

पहिलं वाक्य: ‘द डेव्हलपर शॅल पे द मंथली रेंट टु ईच मेंबर ऑन ऑर बिफोर द फिफ्थ डे ऑफ एव्हरी मंथ.’ हे ‘शॅल’ चोख आहे. देणारा कोण, घेणारा कोण, काय द्यायचं, कधी द्यायचं, सगळं एका वाक्यात आलंय. यात उणीव एकच. पाच तारीख उलटली तर काय? व्याज लागणार का? बँक गॅरंटीतून वसूल होणार का? किती महिने थकलं की सोसायटीला करार संपवता येणार? ही उत्तरं त्याच कलमात किंवा जवळपास नसतील तर ती लिहून घ्या. मुंबईत पर्यायी घराचं भाडं थकलेले आणि अडकून पडलेले सदस्य थोडेथोडके नाहीत. त्यांच्या करारांतही बहुधा हे ‘शॅल’ असंच ठळक लिहिलेलं असतं.

दुसरं वाक्य: ‘द डेव्हलपर शॅल एंडेव्हर टु कम्प्लीट द न्यू बिल्डिंग विदिन थर्टी सिक्स मंथ्स.’ इथे नीट थांबा. ‘शॅल’ आहे, पण ते ‘कम्प्लीट’ला लागलेलं नाही, ‘एंडेव्हर’ला लागलंय. बिल्डर छत्तीस महिन्यांत इमारत देणं लागत नाही. छत्तीस महिन्यांत ती पुरी करण्याचा प्रयत्न करणं, एवढंच तो देणं लागतो. प्रयत्न केला नाही हे सिद्ध करणं सोसायटीला किती अवघड जाईल, याची कल्पना करा. हीच रचना राज्यघटनेतही आहे. अनुच्छेद ४४ मध्ये राज्याने समान नागरी कायद्यासाठी ‘शॅल एंडेव्हर’ असं म्हटलंय, आणि अनुच्छेद ३७ सांगतो की या भागातली तत्त्वं न्यायालयामार्फत अंमलात आणता येणार नाहीत, तरी ती लागू करणं हे राज्याचं कर्तव्य असेल. घटनाकारांनी तिथे विचारपूर्वक तसं लिहिलंय. तुमच्या घराच्या ताब्याच्या तारखेबाबत तुम्ही तसं का लिहून घ्यावं? ‘शॅल एंडेव्हर टु’ हे तीन शब्द खोडून तिथे ‘शॅल’ एवढंच ठेवायला सांगा. ‘बेस्ट एफर्ट्‌स’, ‘अ‍ॅज फार अ‍ॅज पॉसिबल’ ही मंडळीही त्याच कामासाठी आलेली असतात. आणि मुदत पाळणं हा कराराचा गाभा आहे, म्हणजे वकिलांच्या भाषेत ‘टाइम इज ऑफ द एसेन्स’, हेही स्पष्ट लिहून घ्या. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ५५ प्रमाणे वेळ हा गाभा असेल तर मुदत चुकल्यावर दुसऱ्या पक्षाला करार रद्द करण्याचा पर्याय मिळतो. तसा नसेल तर नुकसानभरपाईवरच भागवावं लागतं.

तिसरं: ‘द डेव्हलपर शॅल बी एन्टायटल्ड टु अमेंड द प्लॅन्स.’ यात ‘शॅल’ आहे म्हणून ही बिल्डरची जबाबदारी समजू नका. हा त्याचा हक्क आहे. देणं लागणारे उलट तुम्ही आहात, कारण त्याने नकाशा बदलला तर तो तुम्हाला मान्य करावा लागेल. याच जातीचं एक जुनं कायदेशीर वळण आहे, ‘इट शॅल बी लॉफुल’. १८८० साली हाउस ऑफ लॉर्ड्‌स या ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठासमोर ज्युलियस विरुद्ध ऑक्सफर्डचे बिशप या खटल्यात हाच प्रश्न होता. या शब्दांनी बिशपला नुसता अधिकार मिळतो की त्याच्यावर कर्तव्यही येतं? निर्णय झाला की हे शब्द स्वतःहून अधिकारच देतात. तो अधिकार वापरण्याचं कर्तव्य असेल तर ते आजूबाजूच्या परिस्थितीतून दाखवावं लागेल. सोसायटीच्या दृष्टीने धडा सोपा आहे. बिल्डरच्या हक्काच्या प्रत्येक ‘शॅल’पुढे ‘सोसायटीच्या लेखी पूर्वसंमतीने’ ही अट आहे का, ते पाहा.

चौथं मला सर्वांत जास्त खटकतं: ‘पझेशन शॅल बी गिव्हन आफ्टर द ऑक्युपेशन सर्टिफिकेट इज ऑब्टेन्ड.’ ताबा कोण देणार? ओसी, म्हणजे इमारत वापरायला महापालिकेने दिलेला हा दाखला, कोण आणणार? कधीपर्यंत? कर्ता कुठेच नाही. ज्या देण्याला देणेकरीच नाही ते कुणाकडे मागायचं? असं कर्मणी ‘शॅल’ दिसलं की पेन्सिलीने शेजारी ‘कोण?’ लिहा आणि वकिलांकडून कर्ता घालून घ्या. ‘द डेव्हलपर शॅल ऑब्टेन’ असं झालं की महापालिकेकडून ओसी आणण्याची जबाबदारी बिल्डरची झाली.

आणि आता सदस्यांच्या बाजूचं वाक्य: ‘ईच मेंबर शॅल व्हेकेट विदिन थर्टी डेज, फेलिंग व्हिच ही शॅल बी लायेबल टु पे…’ पुढे दिवसाला अमुक रुपये. हे किती पक्कं लिहिलंय पाहा. कर्ता, काम, मुदत आणि चुकल्यास दंड. मसुदा ज्याच्या वकिलाने लिहिला त्याच्या पक्षाचं येणं नेहमी असं बंदोबस्तात असतं. माझा सल्ला असा की मसुद्याची एक प्रत घ्या, बिल्डरची सगळी ‘शॅल’ एका रंगाने आणि सदस्यांची दुसऱ्या रंगाने रंगवा आणि प्रत्येकासमोर ‘न केल्यास काय’ हे लिहिलंय का ते तपासा. कमिटीतल्या कुणालाही हे जमेल. सोसायटीच्या वकिलांशी बोलणी करताना हा कागद फार उपयोगी पडतो. रक्कम लिहून घेताना एवढं ध्यानात ठेवा की करार अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते. न्यायालय त्या मर्यादेत वाजवी भरपाई देतं.

करारात दोन शब्दांची गल्लत होऊ देऊ नका. ‘शॅल नॉट’ ही स्पष्ट मनाई आहे. ‘मे नॉट’ मात्र दुटप्पी आहे. ‘करता येणार नाही’ असाही त्याचा अर्थ होतो आणि ‘कदाचित करणारही नाही’ असाही. मनाईच हवी असेल तर ‘शॅल नॉट’. वाक्याच्या सुरुवातीला ‘शुड’ आलं तर त्याचा ‘करायला हवं’शी संबंध नसतो. ‘शुड एनी मेंबर रिफ्यूज’ म्हणजे ‘एखाद्या सदस्याने नकार दिलाच तर’. हे वाक्य ‘सदस्याने नकार द्यावा’ असं वाचून गोंधळलेले लोक मी पाहिले आहेत, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

आता दुसऱ्या सदस्याच्या म्हणण्याकडे वळतो, की कोर्टात ‘शॅल’चा ‘मे’ होतो. हे पूर्ण खोटं नाही, पण ते मुख्यतः कायद्याच्या तरतुदींबद्दल आहे, दोन पक्षांच्या कराराबद्दल नाही. कायद्यातल्या ‘शॅल’बाबत न्यायालय विचारतं की ही तरतूद मँडेटरी आहे की डिरेक्टरी. मँडेटरी म्हणजे ती मोडली तर केलेलं काम रद्दबातल. डिरेक्टरी म्हणजे ती पाळायला हवी, पण पाळली नाही एवढ्यावरून काम रद्द होत नाही. १९५७ साली उत्तर प्रदेश सरकार विरुद्ध मनबोधनलाल श्रीवास्तव या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे घटनेचा अनुच्छेद ३२० होता. सरकारी नोकराविरुद्ध शिस्तभंगाची कारवाई करताना लोकसेवा आयोगाचा सल्ला ‘शॅल’ घेतला जाईल, असं तिथे लिहिलंय. तरी न्यायालयाने ती तरतूद डिरेक्टरी ठरवली. सल्ला न घेतल्यास काय, हे घटनेने कुठे सांगितलेलं नव्हतं, हे त्यामागचं एक मोठं कारण.

याच्या उलट ललिता कुमारी प्रकरण. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १५४ मध्ये दखलपात्र गुन्ह्याची खबर पोलिसांनी ‘शॅल’ लिहून घ्यावी असं होतं. पोलीस मात्र आधी चौकशी करू, मग बघू, असं म्हणत. नोव्हेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने स्पष्ट सांगितलं की इथे ‘शॅल’ म्हणजे सक्तीच. खबरीवरून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे. वैवाहिक वाद, व्यापारी व्यवहार, वैद्यकीय हलगर्जी अशा काही प्रकरणांतच प्राथमिक चौकशीला मुभा दिली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हीच तरतूद कलम १७३ मध्ये आली. तिथे खबर लिहून घेण्यापुढे ‘शॅल’ कायम आहे. तीन वर्षं किंवा अधिक पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते, आणि त्या पोटकलमात मुद्दाम ‘मे’ घातलंय. एकाच कलमात दोन्ही शब्द कसे जाणून वापरलेत, ते तिथे समोरासमोर दिसतं.

मला सर्वांत बोलकं उदाहरण वाटतं ते लेखी कैफियतीचं, म्हणजे दाव्याला प्रतिवादीने द्यायच्या लेखी उत्तराचं. दिवाणी दाव्यात प्रतिवादीने तीस दिवसांत, फार तर नव्वद दिवसांत कैफियत दाखल करावी, असं दिवाणी प्रक्रिया संहितेत ‘शॅल’ वापरून लिहिलंय. २००५ साली कैलाश विरुद्ध नन्हकू या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही मुदत डिरेक्टरी ठरवली. अपवादात्मक परिस्थितीत नव्वद दिवसांनंतरही परवानगी देता येते. पुढे २०१५ च्या वाणिज्यिक न्यायालयांच्या कायद्याने व्यापारी दाव्यांसाठी याच नियमाचे शब्द बदलले. एकशेवीस दिवसांनंतर प्रतिवादी कैफियतीचा हक्क गमावेल आणि न्यायालय ती दाखल करून घेणार नाही, असं त्यात घातलं. तेव्हा २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, ही मुदत मँडेटरी आहे, एक दिवसही वाढवता येणार नाही. ‘शॅल’ दोन्हीकडे तेच होतं. फरक पडला तो पुढे परिणाम लिहिल्यामुळे. वर रंगवून पाहायला सांगितलं त्यामागचं कारण हेच.

सोसायटीच्या रोजच्या कारभारातही हेच पाहायला मिळतं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७५ प्रमाणे आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत वार्षिक सर्वसाधारण सभा बोलावणं सक्तीचं आहे, आणि ती बोलावली नाही तर जबाबदार कमिटी सदस्याला अपात्र ठरवण्याची तरतूद त्याच कलमात आहे. म्हणून सप्टेंबरअखेर मुंबईभर सभांची धावपळ असते. कलम २२ मध्ये सदस्यत्वाच्या अर्जावर तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर अर्जदार सदस्य झाला असं मानलं जाईल, असं आहे. हे ‘शॅल बी डीम्ड’. इथे कुणाला काही करायला सांगितलेलं नाही. मुदत संपली की परिणाम आपोआप लागू. दुसऱ्या टोकाला कलम ७९-अ खालचे पुनर्विकासाचे शासननिर्देश. ४ जुलै २०१९ चा शासन निर्णय बहुतेक कमिट्यांना तोंडपाठ असतो, पण हे निर्देश मुंबई उच्च न्यायालयाने वेळोवेळी डिरेक्टरी मानले आहेत. त्यातली एखादी पायरी चुकली एवढ्यावरून बहुमताने ठरवलेला पुनर्विकास कोलमडत नाही. तरीही ते पाळा. पारदर्शक टेंडर, सर्वसाधारण सभेची मंजुरी, सभेचं चित्रीकरण यांमुळे पुढची कित्येक भांडणं वाचतात.

परदेशात या शब्दाला आता निरोप देणं चाललंय. दक्षिण आफ्रिकेच्या १९९६ च्या राज्यघटनेत ‘शॅल’ऐवजी ‘मस्ट’ आहे. अमेरिकेच्या संघीय दिवाणी प्रक्रियेच्या नियमांचं २००७ मध्ये पुनर्लेखन झालं तेव्हा त्यातूनही ‘शॅल’ काढून टाकलं. एका शब्दाने कधी सक्ती, कधी हक्क, कधी घोषणा असे इतके अर्थ वाहावेत हे धोक्याचं आहे, असं त्यामागचं कारण. आपल्या घटनेच्या पहिल्याच अनुच्छेदात ‘इंडिया, दॅट इज भारत, शॅल बी अ युनियन ऑफ स्टेट्‌स’ आहे. तिथे कुणी कुणाचं काही देणं लागत नाही, ती घोषणा आहे. आपल्याकडचे २०२३ चे नवे फौजदारी कायदेही ‘शॅल’मध्येच लिहिले गेले, त्यामुळे आपली यातून इतक्यात सुटका नाही. माझं मत विचाराल तर नव्या करारात सक्तीसाठी ‘मस्ट’ किंवा ‘इज बाउंड टु’ लिहायला हरकत नाही. पण अर्ध्या कलमांत ‘शॅल’ आणि अर्ध्यांत ‘मस्ट’ अशी खिचडी मात्र करू नका. दोन शब्द दिसले की वकील दोन अर्थ शोधणारच.

शेवटी मराठी प्रतीबद्दल, कारण तुमचे बहुतेक सदस्य तीच वाचणार. अधिनियमांच्या मराठी अनुवादात ‘शॅल’साठी ‘करील’, ‘देईल’, ‘असेल’ आणि ‘मे’साठी ‘करू शकेल’, ‘करता येईल’ ही पद्धत रूढ आहे. अधिनियमाचं भाषांतर करताना मीही तीच पाळतो, एकवाक्यता महत्त्वाची असते. पण सदस्यांना वाटायच्या कराराच्या प्रतीत ‘विकासक भाडे देईल’ लिहिलं की सर्वसामान्य वाचक ते आश्वासन म्हणून वाचतो, बंधन म्हणून नाही. त्याहून वाईट ‘भाडे देण्यात येईल’. त्यात इंग्रजीत असलेला कर्ताही मराठीत गायब होतो. ‘विकासकाने भाडे द्यावे’ हे शासकीय परिपत्रकात आदेश म्हणून चालतं, कराराच्या कागदावर मात्र ती विनंती वाटते. मी लिहितो, ‘दरमहा ५ तारखेपर्यंत प्रत्येक सदस्याला भाडे देण्यास विकासक बांधील राहील’. आणि ‘शॅल बी एन्टायटल्ड’ला ‘विकासकास हक्क राहील’. ‘बांधील’ आणि ‘हक्क’ हे दोन शब्द वेगळे ठेवले की इंग्रजीत एकाच ‘शॅल’खाली झाकलेला फरक मराठी वाचणाऱ्याला पहिल्या नजरेत दिसतो.

मराठी प्रत कितीही नीट केली तरी मसुद्याच्या शेवटच्या पानांवर ‘इन केस ऑफ एनी डिस्क्रिपन्सी, द इंग्लिश व्हर्जन शॅल प्रिव्हेल’ असं एक कलम बहुधा असतं. दोन प्रतींत फरक पडला तर इंग्रजी प्रत ग्राह्य. म्हणून सर्वसाधारण सभेत मराठी प्रत वाचून दाखवताना ही गोष्ट सदस्यांना आधी सांगा, दोन्ही प्रती कलमागणिक शेजारी ठेवून एकदा कुणाकडून तरी ताडून घ्या, आणि ज्या सुधारणा हव्यात त्या इंग्रजी प्रतीत करून घेतल्याशिवाय ठराव मंजूर करू नका.